सिंगल माल्ट : सहा ग्लास, पाच बाटल्या आणि उघडं पडलेलं नाक

ग्रॅनाइटवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

अ‍ॅबर्डीनला येऊन मला अकरा वर्षं झाली. तेलाच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे निम्मा महिना समुद्रात आणि निम्मा घरी. समुद्रात दारूच्या थेंबालाही बंदी, आणि घरी आलं की दीड तासावर स्पे नदीचं खोरं, जिथे पन्नासेक डिस्टिलऱ्या दाटीवाटीने बसल्यात. असा माणूस एक तर बिघडतो, नाहीतर जाणकार होतो. मी जाणकार झालो असा माझा समज होता. गेल्या शनिवारी तो बायकोने उतरवला.

ठरलं असं की पाच सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीच्या, फक्त सातूच्या व्हिस्की) नावं झाकून चाखायच्या. चाखणारे चौघे : मी, नाशिकचा एक डॉक्टर मित्र, नागपूरचा ड्रिलिंगवाला आणि शेजारचे आजोबा. आजोबांचं सगळं आयुष्य पीटरहेडच्या मासेमारी बोटींवर गेलंय आणि व्हिस्की ते लेमोनेड घालून पितात. (हो, स्कॉटिश माणूस. इथे जुन्या लोकांत हे सर्रास चालतं. ज्यांना धक्का बसला त्यांनी पाणी प्यावं.)

बायको पीत नाही, म्हणून पंच तीच. चोवीस ग्लास जमवायला तीन घरं पालथी घातली. तिने स्वयंपाकघराचं दार लावून खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने प्रत्येकी १५ मिली मोजून ओतलं, काय कुठे ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलं आणि ग्लासांच्या बुडाला टिकल्या चिकटवल्या. एक टिकली म्हणजे पहिला ग्लास, सहा टिकल्या म्हणजे सहावा. बाटल्या पाच असताना ग्लास सहा कसे, असं विचारलं तर म्हणाली, "एक माझ्याकडून. प्या मुकाट्याने."

आता माझ्या वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देतो.

एक टिकली : हलकी. संत्रं नखाने सोलताना सालीतून जो फवारा उडतो ना, तो. मागून कस्टर्ड. अंदाज ग्लेनमोरांजी. ७/१०.

दोन टिकल्या : आधी मीठ, मग धूर, पण लांबचा, पलीकडच्या वाडीत कोणीतरी पालापाचोळा पेटवलाय इतका लांबचा. गिळल्यावर घशाशी मिरी, आमटीतली आख्खी मिरी नेमकी दाताखाली यावी तशी. अंदाज टॅलिस्कर, स्काय बेटावरची. ९/१०. (शेजारी दोन वेळा अधोरेखित.)

तीन टिकल्या : मेण! लाइट आल्यावर फुंकर मारून विझवलेली मेणबत्ती. जिभेवर तुपासारखी पसरते. नागपूरकराला किळस आली, मला मजा. अंदाज नाही. ७.५.

चार टिकल्या : काळ्या मनुका, खजूर, जायफळ, तळाला किंचित करपलेला पाक. ही शेरीच्या (स्पेनच्या वाइनच्या) पिंपातली, लपतच नाही. डॉक्टरने दुसऱ्यांदा मागितली, पंचांनी दिली नाही. ८.

पाच टिकल्या : इथे वर्णनाची गरजच नव्हती. डॉक्टर म्हणाला, "सिव्हिल हॉस्पिटल, वॉर्ड नंबर तीन." आजोबा म्हणाले, बोटीवरचा डांबर लावलेला दोर. आणि बायको, जिने फक्त दारातून वास घेतला होता, ती म्हणाली, "बाळंतिणीची धुरी आहे ही. ओवा, शेपा, वेखंड शेगडीवर टाकल्यासारखी." लाफ्रॉएग १० (म्हणजे दहा वर्षांची), दुसरं काय असणार. ८.

सहा टिकल्या : मऊ, मधाळ, पिकलेल्या पेरूच्या बाजूने जाणारी. धूर नाही. स्पेसाइडची कुठलीतरी गुळमुळीत. ६/१०.

मग कालनिर्णयचं पान बाहेर आलं. पहिली ग्लेनमोरांजी, दुसरी टॅलिस्कर १०, तिसरी क्लायनलिश १४, चौथी ग्लेनड्रोनाक १२, पाचवी लाफ्रॉएग १०.

आणि सहावी, टॅलिस्कर १०. तीच बाटली, तोच घाणा. जिला मी नऊ देऊन दोनदा अधोरेखित केलं, तिलाच वीस मिनिटांनी "गुळमुळीत" म्हणून सहावर बसवलं. "धूर नाही" हे माझ्याच अक्षरात आहे. डॉक्टरने दोन्हींना सात दिले होते, पण वर्णनं अशी की जणू दोन वेगळी गावं. एकट्या आजोबांनी सहाव्या ग्लासपुढे लिहिलं होतं, "ही मघाशी येऊन गेली."

कारण उघड आहे. लाफ्रॉएगसारखी धुरकट चीज नाकातून गेली की नाक त्या वासाला काही वेळ बहिरं होतं. मग पुढच्या ग्लासातला धूर ऐकूच येत नाही, फक्त खालचा गोडवा उरतो. म्हणूनच सगळे सांगतात की हलक्यापासून धुरकटाकडे जा. मलाही पाठ होतं. पण अकरा वर्षं बाटलीवरचं नाव वाचून मग "आहाहा, मिरी" म्हणत होतो, त्यातली मिरी किती आणि नाव किती, हे आता मलाच कळेना.

तर प्रश्न दोन. तुम्ही घरी तुलना करता तेव्हा क्रम कसा लावता? आणि क्लायनलिशमधलं ते मेण येतं कुठून, कोणाला ठाऊक आहे का?

---

निमसोडा

अकरा वर्षं आणि ६/१०! हसून हसून पुरेवाट. आम्ही सरळ सोड्यात ओततो. आमची अशी फजिती कधी झाली नाही, कारण वर्णन करायला काही शिल्लकच राहत नाही.

---

कोरडा गुरुवार

मी घेत नाही, पण वहिनींना दंडवत. टिकल्यांची आयडिया आमच्याकडे लोणच्याच्या चाचणीला वापरणार. सासूबाईंचं आणि विकतचं.

---

खडूफळा

धागा आवडला. रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

वहिनींचं नाक सगळ्यांत खरं बोललंय, आणि ते नुसतं गंमत म्हणून नाही. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरातून सातूला जे चिकटतं त्यात फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल अशी फिनॉलच्या घराण्यातली मंडळी असतात. ओव्याचा वास ज्यामुळे येतो तो थायमॉलही त्याच घराण्यातला. म्हणजे बाळंतिणीची धुरी आणि लाफ्रॉएग ही चुलत भावंडंच. डॉक्टरांना हॉस्पिटल आठवलं तेही त्यामुळेच. आमच्या लहानपणी जो लाल कार्बोलिक साबण असायचा, फरशीला जे फिनेल असायचं, सगळं एकाच गोत्रातलं.

बाटल्यांबद्दल बोलताना लोक पीपीएमचे (दहा लाख भागांत किती भाग) आकडे फेकतात : आर्डबेग ५५, लाफ्रॉएग ४० ते ४५, बोमोर २० ते २५, ऑक्टोमोर तर ८० च्या पुढे कितीही. हे आकडे मोड आणून वाळवलेल्या सातूतल्या फिनॉलचे आहेत, ग्लासातल्या व्हिस्कीचे नाहीत. भिजवणं, आंबवणं, ऊर्ध्वपातन, पिंपातली वर्षं, या सगळ्यात बराच भाग गळतो. त्यामुळे ८० वाली ४० च्या दुप्पट धुरकट लागेल हे गणित चालत नाही.

तुमच्या प्रयोगाला पुढे न्यायचं असेल तर त्रिकोणी चाचणी करा. तीन ग्लास, दोनांत एकच, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती एवढंच सांगायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणार, म्हणून चार-पाच वेळा करायची. गुणबिण, "पेरूच्या बाजूने" वगैरे काही नाही.

मेणाचं मला माहीत नाही. शोधते.

---

उसाचं चिपाड

काडी टाकतो. सिंगल माल्ट हे सगळं मार्केटिंग आहे. १९६३ पर्यंत स्कॉटलंडबाहेर सिंगल माल्ट म्हणून कोणी धड विकतही नव्हतं, ग्लेनफिडिचने सुरुवात केली. त्याआधी शंभर वर्षं जग ब्लेंडच, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचं मिश्रणच, पीत होतं आणि आजही स्कॉचमध्ये बहुतांश विक्री ब्लेंडचीच. आमचे आजोबा एक ब्लेंड तीस वर्षं प्यायले. त्यांना कधी पेरू लागला नाही आणि बिघडलंही काही नाही.

---

ग्रॅनाइटवाला

चिपाडराव, इतिहास बरोबर, निष्कर्ष अर्धा. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची, माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या सातूची, तांब्याच्या भांड्यात गाळलेली आणि किमान तीन वर्षं स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात राहिलेली. यात "चांगली" हा शब्द कुठेच नाही. ब्लेंड बनवणाऱ्याचं काम पन्नास स्वभाव एकत्र नांदवायचं. माल्टमध्ये एकाच घराचा स्वभाव, खोडीसकट. मला खोड बघायला आवडते, इतकंच.

आणि ती खोड कितीदा पिंपाची असते हेही बघा. चौथ्या ग्लासातल्या मनुका ग्लेनड्रोनाकच्या सातूत नव्हत्या. अमेरिकेत त्यांची बर्बन व्हिस्की नव्याच, आतून जाळलेल्या पिंपात ठेवायची असा कायदा, म्हणून त्यांची एकदा वापरलेली पिंपं ढिगाने स्वस्त मिळतात आणि इथे येतात. त्यातून व्हॅनिला, कस्टर्ड. शेरी पूर्वी स्पेनहून पिंपांतूनच ब्रिटनला यायची. १९८० च्या दशकात ती तिकडेच बाटलीत भरायचं सुरू झालं आणि रिकामी पिंपं बंद झाली. आता खास व्हिस्कीवाल्यांसाठी नवी पिंपं बनवून त्यात शेरी मुरवत ठेवतात आणि मग इकडे पाठवतात. लोणच्याची बरणी मुरवून विकण्यासारखं आहे. लोणचं गौण.

---

दर्यावर्दी

मूळ रत्नागिरीकर, सध्या ग्लासगो. मागच्या मे महिन्यात आयला या स्कॉटिश बेटावर जाऊन आलो, त्याचं थोडं लिहितो.

केनाक्रेगहून बोट, सव्वादोन तासांच्या आसपास. पोर्ट एलन जवळ आलं की किनाऱ्यावर पांढऱ्या भिंती दिसतात आणि त्यावर समुद्राकडे तोंड करून पुरुषभर उंचीची काळी अक्षरं : लाफ्रॉएग, लगावुलिन, आर्डबेग. तिन्ही एकाच रस्त्यावर, तासाभरात पायी होतात. परतताना जास्त वेळ लागतो, कारण सांगत नाही.

लाफ्रॉएगमध्ये अजून जमिनीवर सातू पसरून मोड आणतात. सगळी नाही, थोडीच. बाकीची पोर्ट एलनच्या मोठ्या माल्टिंगमधून येते. पण जी आणतात ती बघून मी पाच मिनिटं गप्प उभा राहिलो. दगडी खोली, लांबच लांब फरशी, त्यावर वीतभरापेक्षा कमी थर. हात घातला तर आत कोमट. आमच्याकडे रहू पेरतात तेव्हा भाताचं बियाणं भिजवून गोणपाटात दाबून ठेवतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात घातला की अगदी हाच कोमटपणा आणि हाच ओलसर गोड वास. लाकडी फावड्याने उलथत राहतात, नाहीतर मुळं एकमेकांत अडकून गोधडी होते.

मग भट्टी. खाली पीट जळतंय, वर जाळीवर सातू. पीट म्हणजे हजारो वर्षं चिखलात दबलेलं गवत-शेवाळ-हेदरची झुडपं, विटांसारखं कापून वाळवलेलं. ज्वाळा नाही, नुसता धूर. सगळे त्याला "कॅम्पफायर", "हॉस्पिटल" म्हणतात. मी नाक आत घातलं आणि एकदम मार्च-एप्रिल, आमची खाचरं, राब भाजताहेत. शेण, पातेरा, वर मातीचा थर, आणि दिवसभर सुलगत राहणारा तो जाड धूर. तेव्हापासून मी लाफ्रॉएगला राबच म्हणतो.

बरोबर गाडी चालवणारे असतील तर त्यांच्या वाट्याची छोट्या बाटलीत भरून देतात. इथे गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, २०१४ पासून. घरी येऊन पिता येते.

---

खडूफळा

राब! वा. धुरी आणि राब, दोन्ही नोंदवून ठेवले. नाहीतर त्या बाटल्यांमागे "हेदर", "गूजबेरी", "ख्रिसमस केक" वाचून आपण माना डोलावतो. यातलं मी काहीही खाल्लेलं नाही.

---

सात्त्विक

मद्यपानाचं उदात्तीकरण करणारा आणखी एक धागा. चालू द्या.

---

ग्रॅनाइटवाला

आक्षेप नोंदवला. माणशी ९० मिली, तेही जेवणानंतर दोन तासांत, आणि दुसऱ्या दिवशी भांडी मी घासली. चोवीस ग्लास. उदात्त काही वाटलं नाही.

---

मांडवीकाठ

गोव्याची बाजू मांडते. आमच्याकडे कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट बनते, मी दोनदा जाऊन आले. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या किंवा बेंगळुरूच्या (तिथे अमृत नावाची माल्ट बनते) हवेत देवदूत चांगलेच तहानलेले, दहा टक्क्यांच्या पुढेमागे नेतात. बारा वर्षं ठेवली तर पिंपात पिंपच उरायचं. म्हणून आपल्या माल्टवर सहसा वय लिहीत नाहीत. लिहिलं तर लोक बारापुढे पाच बघून नाक मुरडणार, पण गरमीत लाकूड भराभर उतरतं, पाच म्हणजे तिकडची पाच नव्हेत.

अमृतने २००४ मध्ये आपली माल्ट पहिल्यांदा ग्लासगोत नेऊन विकायला काढली होती, भारतात नाही. घरच्यांना पटायला आधी बाहेरच्यांनी वाहवा करावी लागते. असो. त्यांच्या फ्यूजन नावाच्या माल्टमध्ये थोडी पीटवाली सातू स्कॉटलंडची आणि बाकी आपली. ग्रॅनाइटवाले, पुढच्या वेळी तुमच्या रांगेत एक पॉल जॉन बोल्ड घुसवा. टिकल्या मी पाठवते.

---

नवखा गडी

पुण्यातून. पहिली बाटली कुठली घेऊ? आणि पाणी घालायचं की नाही? मामा म्हणतो पाणी घातलं की पाप लागतं. बर्फ?

---

ग्रॅनाइटवाला

मामांना सांगा, इथे डिस्टिलरीत चाखायला देतात तेव्हा शेजारी पाण्याचा छोटा जग असतोच. मिश्रण करणारे लोक वास घेताना २० टक्क्यांपर्यंत पातळ करून घेतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोघांनी संगणकावर हेच तपासलं होतं. मद्याचं प्रमाण खूप जास्त असेल तर ग्वायाकॉल, म्हणजे खडूफळाताईंचा धूर, आत दडून राहतो; पातळ केलं की तो पृष्ठभागाकडे येतो, म्हणजेच नाकाकडे. त्यामुळे ६० टक्क्यांच्या आसपासची पिंपातून थेट भरलेली असेल तर पाणी घालाच. ४० ची असेल तर चमच्याने, दोन-चार थेंब, आणि प्रत्येक थेंबानंतर वास. बर्फाने वास झोपतो. पुण्याच्या मे महिन्यात झोपला तरी चालेल.

पाणी घातल्यावर किंवा बर्फात थोडी गढूळ झाली तर घाबरू नका. ४६ टक्क्यांच्या खाली तसं होऊ नये म्हणून बऱ्याच कंपन्या थंड करून गाळतात, त्यात थोडा तेलकटपणा जातो. गढूळपणा हा दोष नाही. आणि रंगावर अजिबात जाऊ नका, कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी असं काही नसतं.

पहिली बाटली : विमानतळावरून कोणी येत असेल तर त्याला धरा, माणशी दोन लिटर चालतं. ग्लेनमोरांजी किंवा बाल्वेनी डबलवुड घ्या. लाफ्रॉएग पहिली घेऊ नका, नाहीतर पुढची बाटली घेणारच नाही.

---

निमसोडा

दरांचं दुखणं राहिलंच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. वर केंद्राची आयात ड्यूटी तेव्हा १५० टक्के वेगळी. २०२५ च्या जुलैत ब्रिटनबरोबर करारावर सह्या झाल्या, त्यात ती आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० होणार असं आहे. तोवर माझं यकृत असेल का हा प्रश्न.

एक सावधगिरी, नवख्यासाठी. ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून "एअरपोर्टचा माल" म्हणून मी एक बारा वर्षांची घेतली होती. सील शाबूत, खोका शाबूत. उघडली तर उसाचा वास. तळहाताला लावली तर चिकट. बूच आतून नवंकोरं, वासच नाही त्याला. चांगल्या बाटलीचं बूच हुंगून बघा, अर्धी चव तिथेच असते. पाच हजारांचं ज्ञान फुकट देतोय.

---

दर्यावर्दी

सोड्यात नकली पण चालली असती की.

---

निमसोडा

चालली. पण तत्त्वाचा प्रश्न होता.

---

ग्रॅनाइटवाला

धागा वर काढतोय, कारण मेणाचा निकाल लागला.

आई-बाबा दोन महिन्यांसाठी आलेत. बाबांची तीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात गेली, त्यातली बावीस डिस्टिलरी विभागात. मळीपासून स्पिरिट. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बरंचसं हेच असतं आणि म्हणूनच युरोपात तिला व्हिस्की म्हणू देत नाहीत. बाबा स्वतः घेत नाहीत. "आयुष्यभर वास घेतला, पुरे झालं," म्हणतात.

तरी मी त्यांना त्रिकोणी चाचणीला बसवलं. बायकोने पुन्हा टिकल्या काढल्या. मी ग्लास पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला, दोन थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले आणि ओंजळीत नाक घातलं. आधी तीव्र भपका जाऊ दिला. मग पुन्हा. मग हात कोरडे झाल्यावर तिसऱ्यांदा. "टँकर भरायच्या आधी असंच बघायचो. मीटर नंतर."

चार फेऱ्यांत तीन बरोबर. चुकले ते ग्लेनमोरांजीच्या फेरीत. मी त्याच दिवशी केलेल्या चारात दोन, तर ते असो.

पण खरी गंमत तिसऱ्या फेरीत. त्यांनी वेगळा ग्लास बरोबर ओळखला, पुन्हा हात हुंगले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "यांच्या कुठल्यातरी टाकीच्या तळाला थर बसलाय. घासत नाहीत ती."

ग्लास क्लायनलिशचा होता. मी वाद घातला. म्हटलं बाबा, हे स्कॉटलंड आहे, फरशीवर जेवता येईल इतकं स्वच्छ असतं. ते म्हणाले, "असेल. टाकी घासत नाहीत."

रात्री शोधत बसलो. व्हिस्की दोनदा गाळतात. पहिल्या गाळपाचं आणि दुसऱ्या गाळपातलं बाजूला काढलेलं सुरुवातीचं-शेवटचं जिथे साठवतात, ती ही टाकी. तिच्यात तेलकट थर जमतो. बाकीचे तो वेळोवेळी काढून टाकतात. क्लायनलिशमध्ये एकदा तो साफ केला तर व्हिस्कीतलं मेणच नाहीसं झालं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपली ओळख त्या थरात आहे. तेव्हापासून तो जपतात. बाबांना दाखवलं. चष्मा लावून वाचलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "आमच्याकडे मेमो मिळाला असता."

मग आपल्या "पहिल्या धारेची"वर विषय गेला. इथल्या भट्टीवाल्यासमोर पितळी चौकटीची, कुलूप असलेली काचेची पेटी असते. तिच्यात धार दिसते पण हात लागत नाही. पहिली धार तो बाजूला वळवतो. तिच्यात पाणी मिसळून बघतो, गढूळ झाली की अजून वेळ आहे. स्वच्छ राहायला लागली की मग मधली धार घ्यायची. लाफ्रॉएगमध्ये ही सुरुवातीची धार चांगली पाऊण तास सोडून देतात. धूर मुख्यतः उशिरा येतो, म्हणून धुरकटवाले शेवटाकडे जरा जास्त वेळ धरून राहतात. बाबा ऐकत होते. म्हणाले, "पहिल्या धारेची म्हणजे भारी, असं ज्याने ठरवलं त्याने ती कधी हुंगलेली नाही. वार्निश असतं ते."

एवढ्यात आईने हाक मारली. पानं वाढली होती, पिठलं-भाकरी. बाबा तसेच उठून बसले. पहिला घास तोंडाजवळ नेला, थांबले, हात नाकाशी धरला. आई म्हणाली, "काय झालं? करपलंय का?"

"नाही. राब आहे," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले. (दर्यावर्दी, तुमचा शब्द मी त्यांना शिकवला होता.)

---

खडूफळा

काकांना साष्टांग नमस्कार. मी तीन आठवडे शोधनिबंध चाळत होते.

---

मांडवीकाठ

टिकल्या पाठवल्यात. काकांसाठी बोल्डसुद्धा, येणाऱ्या एकाच्या हाती. ओळखलं तर कळवा.

---

निमसोडा

काकांना एवढं विचार रे, सोडा चालेल का?

---

ग्रॅनाइटवाला

विचारलं. म्हणाले, "चालेल की. पण टाकी घासणाऱ्यांच्यात घाला."